लीड विकणाऱ्यांनी संमतीचा पुरावा दाखवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या घरविषयक पुरवणीत गेले काही आठवडे ‘रिअल इस्टेट एजंटांसाठी तयार ग्राहक, दर महिन्याला हमखास लीड्स’ अशा आशयाची जाहिरात येते आहे. लीड म्हणजे घर घेण्यात किंवा विकण्यात रस आहे असं सांगून विकलं जाणारं एखाद्याचं नाव आणि फोन नंबर. ती वाचून या व्यवसायात नव्याने आलेल्या काही तरुणांनी मला फोन करून विचारलं, “मॅडम, घेऊ का?” त्यांना फोनवर जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहावं, म्हणून हे पत्र. एजंटांनी ते वाचावंच, पण ज्यांचे फोन नंबर या व्यवहारात विकले जातात त्या सर्वसामान्य वाचकांनी तर नक्की वाचावं.

माझं छोटं ऑफिस आहे. मी मुख्यतः रीसेल घरांचे व्यवहार करते आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पार्ट्या आधीच्या ग्राहकांच्या ओळखीतून येतात. तरीही लीड विकत घेणं मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. नवख्या माणसाला कुणी ओळखत नसतं, त्याला कुठून तरी सुरुवात करावीच लागते, आणि जाहिरातीवर खर्च करणं हा आमच्या धंद्याचा भागच आहे. माझा आक्षेप आहे तो आत काय आहे हे न दाखवता माल गळ्यात मारण्याला.

लीड तयार कशी होते, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. कुणीतरी रात्री मोबाइल चाळत असतो. ‘तुमच्या घराची आजची किंमत मोफत जाणून घ्या’ अशी जाहिरात समोर येते. शेजारचं घर नुकतंच विकलं गेलेलं असतं, आपल्या घराचं काय येईल याची त्याला उत्सुकता असते, घर विकायचा विचारही मनात नसतो. तो फॉर्म उघडतो. खाली बारीक अक्षरात ‘आमचे भागीदार आपल्याशी संपर्क साधू शकतात’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते. त्याने बटण दाबलं, की यादीत त्याची नोंद होते ‘घर विकू इच्छितात, तातडीने’ अशी. काही वेळा तर त्याला नाव-नंबर टाइप करावाही लागत नाही. फेसबुकने २०१५ मध्ये लीड जाहिराती आणल्या, त्यांत वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधली माहिती फॉर्ममध्ये आपोआप भरून येते. भरणाऱ्याला ते सोयीचं, पण प्रोफाइलवर कित्येक वर्षांपूर्वीचा बंद झालेला नंबर असेल तर तोच पुढे जातो, आणि चुकून बोट लागलेलं आणि विचार करून पाठवलेलं यात यादीत काहीच फरक दिसत नाही.

माझ्याकडे काम शिकायला आलेल्या एका मुलाने साठवलेल्या पैशातून अशी एक यादी विकत घेतली होती. फोन लावायला तो बिचकत होता, म्हणून मी शेजारी बसले आणि त्याला स्पीकर सुरू करायला सांगितलं. पहिला नंबर अस्तित्वातच नव्हता. दुसऱ्या ठिकाणी ज्याने उचलला त्याला भाड्याने खोली हवी होती, खरेदीशी त्याचा संबंध नव्हता. एक जण स्वतःच एजंट निघाला. बाजारात काय दर चाललेत ते पाहायला त्याने फॉर्म भरला होता. नंतर एका बाईंनी फोन उचलला. मुलाने नमस्कार करून घराचा विषय काढला तसा त्यांचा आवाज बदलला. त्या म्हणाल्या, “अहो, मी फक्त किंमत बघितली होती. सकाळपासून तुमच्यासारखे फोन येतायत. माझे मिस्टर आयसीयूत आहेत. डॉक्टरांचा फोन कुठल्या नंबरवरून येईल माहीत नाही, म्हणून प्रत्येक फोन उचलावा लागतोय मला. कृपा करून तुमच्या यादीतून माझं नाव काढा हो.”

आम्ही माफी मागितली आणि नाव लगेच काढलं. पण ते फक्त आमच्या यादीतून. ज्या मूळ यादीतून आमची यादी निघाली, तिच्यापर्यंत आमचा हात पोचत नव्हता, आणि तीच यादी आणखी किती जणांना दिली आहे हे विचारल्यावर कंपनीने उत्तर दिलं नाही. त्या बाईंना त्या दिवशी आणखी किती फोन आले असतील कोण जाणे.

खाली पाहता पाहता एक नाव मला ओळखीचं दिसलं. त्या गृहस्थांना घर मीच दाखवलं होतं, व्यवहारही मीच पूर्ण करून दिला होता आणि ते तिथे राहायला जाऊन बराच काळ लोटला होता. यादीत मात्र त्यांच्या नावापुढे ‘तीन महिन्यांत खरेदी करणार’ असं लिहिलेलं होतं आणि चौकशीची तारीख होती मागच्याच आठवड्यातली. मी त्यांना फोन करून विचारलं. घर शोधत होते तेव्हा एका वेबसाइटवर त्यांनी माहिती भरली होती, त्यानंतर कुठेच नाही. मग आम्ही तारखेचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. सगळ्या नावांपुढे तीच एक तारीख होती. यादी त्या मुलाच्या ईमेलवर आली तो दिवस.

कंपनीच्या विक्री प्रतिनिधीशी बोलल्यावर तो त्या मुलाला म्हणाला, “सर, लीड चांगल्या होत्या, तुमचा फॉलोअप कमी पडला.” मला सगळ्यात जास्त राग येतो तो या वाक्याचा. नवखा माणूस आधीच स्वतःच्या क्षमतेबद्दल साशंक असतो. त्याला वाटतं, आपल्यालाच बोलता येत नाही, आपणच उशीर केला, अजून फोन करायला हवे होते. तो पुढच्या महिन्याचे पैसे भरतो. निकृष्ट माल विकून दोष गिऱ्हाइकाच्या अंगावर ढकलायचा आणि त्याच दोषभावनेवर पुन्हा विक्री करायची, हे मी अनेक तरुण मुलामुलींच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यातले काही चांगले एजंट झाले असते. वर्षभरात त्यांनी हा व्यवसायच सोडला.

हे फक्त आमच्याच धंद्यात होतं असंही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या सरकारी आयोगाने, मार्च २०२२ मध्ये होमअ‍ॅडव्हायझर या कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली. ही कंपनी घरदुरुस्तीची कामं करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना लीड विकत असे. लीडचा दर्जा, लोक काम द्यायला तयार आहेत की नाहीत, आणि किती लीडमागे प्रत्यक्ष काम मिळतं, याबद्दल कंपनीने दिशाभूल केली, असा आयोगाचा आरोप होता. २०२३ मध्ये ७२ लाख डॉलरपर्यंतची रक्कम देण्याचा आणि असे दावे थांबवण्याचा आदेश निघाला. एवढ्या मोठ्या कंपनीबद्दलची तक्रार आणि आमच्याकडच्या मुलाची तक्रार शब्दाशब्दाला जुळते. म्हणजे खोट या पद्धतीतच आहे. विकणाऱ्याला पैसे मिळतात नाव पोचवल्याबद्दल. पुढे त्या नावाचं काय होतं, यावर त्याचं काहीच अवलंबून नसतं.

लीड विकणारे एक अभ्यास नेहमी पुढे करतात, म्हणून त्याबद्दल लिहिते. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या मार्च २०११ च्या अंकात तो आला होता. ऑनलाइन चौकशी आल्यावर तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी खरोखरचं बोलणं होण्याची शक्यता, त्याहून तासभरच उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास सातपट होती. चोवीस तास किंवा त्याहून अधिक थांबणाऱ्यांच्या तुलनेत ती ६० पटींहून जास्त होती. यावरून आम्हाला सांगितलं जातं, की लीड आली रे आली की फोन लावा, पाच मिनिटंही जाऊ देऊ नका. पण तो अभ्यास होता कंपन्यांकडे थेट आलेल्या चौकशीबद्दल. माणसाने ज्याला विचारलं त्यानेच उत्तर दिलं, तर पटकन दिलेलं उत्तर आवडतंच. इथे माणसाने विचारलेलं असतं एका वेबसाइटला, आणि फोन येतात ज्यांचं नावही ऐकलेलं नाही अशांचे. एकच लीड पाच एजंटांना विकली आणि पाचही जणांनी तो सल्ला पाळला, तर दहा मिनिटांत त्या माणसाचा फोन पाच वेळा वाजतो. तिसऱ्या फोनला तो चिडतो, चौथा उचलत नाही, पाचवा नंबर ब्लॉक करतो. आणि त्याच अभ्यासाचा हिशेब धरला, तर कित्येक आठवडे जुन्या नावाला किंमत उरते तरी किती? तरी तेच नाव ‘फ्रेश’ म्हणून विकलं जातं.

‘एक्सक्लुझिव्ह’ लीड म्हणून जास्त पैसे घेतले जातात, त्याचाही अर्थ करार नीट वाचल्याशिवाय धरू नये. पुष्कळदा एक्सक्लुझिव्ह म्हणजे त्या कंपनीने ती लीड ठरावीक दिवसांपुरती दुसऱ्याला न देणं, एवढंच असतं. त्याच माणसाने आणखी तीन ठिकाणी फॉर्म भरलेला असतो, किंवा कंपनीने स्वतःच ती यादी तिसऱ्याकडून घेतलेली असते आणि मूळ विक्रेता ती इतरांनाही देतच असतो. खराब लीड बदलून देण्याचं आश्वासनही तसंच. अट अशी, की दोन-तीन दिवसांत तक्रार करायची, नंबर बंद असल्याचा पुरावा द्यायचा. ‘फोन उचलत नाही’ आणि ‘आता इच्छा नाही’ ही कारणं चालत नाहीत, आणि बदल्यात पैसे नाही तर आणखी लीड मिळणार. म्हणजे त्याच यादीतली आणखी नावं.

पैशांचा हिशेब करताना नवी मुलं एका लीडची किंमत पाहतात आणि ती त्यांना स्वस्त वाटते. मी त्यांना उलट बाजूने हिशेब करायला सांगते. समजा शंभर नावं घेतली. त्यातले चाळीस फोन उचलतील, दहा जण दोन वाक्यं बोलतील, तीन जण घर पाहायला येतील, आणि एक व्यवहार झाला तर झाला. मग त्या एका व्यवहारावर शंभर नावांची किंमत टाकायची. शिवाय प्रत्येक नावामागे केलेले चार-पाच फोन, मेसेज आणि फुकट गेलेल्या चकरा यांचा वेळही टाकायचा. हे आकडे कुणी कमी-जास्त धरावेत, पण भागाकार एका व्यवहाराने करावा. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पॅकेज महिन्याचं असतं, पैसे आगाऊ भरायचे असतात. घराचा व्यवहार मात्र पहिल्या फोनपासून कमिशन हातात येईपर्यंत कित्येक महिने घेतो. पहिलं पॅकेज संपतं तेव्हा लीड चालल्या की नाहीत हे कळायला काही मार्गच नसतो. आता सोडलं तर आधीचे पैसे बुडाले असं वाटतं, म्हणून माणूस पुढचं पॅकेज घेतो. त्यात बऱ्याच करारांत पॅकेज आपोआप रिन्यू होतं आणि ते थांबवायला आधी लेखी कळवावं लागतं. हे कलम शेवटच्या पानावर असतं.

मला व्यक्तिशः सगळ्यात जास्त टोचणारी बाब वेगळीच आहे. घरमालकाकडे जाऊन, कागदपत्रं तपासून, चांगल्या उजेडात फोटो काढून, मोजमापं घेऊन एखादा एजंट घर पोर्टलवर, म्हणजे घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर, लावतो. खरेदीदार ते पाहून ‘संपर्क साधा’ दाबतो. त्याला वाटतं, या घराची माहिती असलेल्या माणसाशी आपण बोलणार आहोत. अमेरिकेत झिलोसारख्या पोर्टलवर अशा चौकशा त्या भागात जाहिरातीची जागा विकत घेतलेल्या दुसऱ्याच एजंटांकडे जात आल्या आहेत. त्या एजंटाने ते घर कधी पाहिलेलंही नसतं. मेहनत एकाची, चौकशी दुसऱ्याला विकली, आणि खरेदीदाराच्या प्रश्नांना धड उत्तर नाही. बाल्कनी कुठल्या दिशेला आहे हे विचारलं तर पलीकडचा माणूस म्हणतो, “सर, आपण प्रत्यक्ष भेटूनच बोलू.” यात ज्याने घर लावलं त्या एजंटाचं नुकसान तर आहेच, पण आयुष्यभराची कमाई घालून घर घेणाऱ्याचं जास्त आहे.

आता कायद्याबद्दल, कारण लीड विकत घेणारे एजंट इथे फार बेफिकीर असतात. यादी कुणी बनवली हे महत्त्वाचं नाही, फोन कुणी केला हे महत्त्वाचं आहे. अमेरिकेत १९९१ च्या टेलिफोन कन्झ्युमर प्रोटेक्शन अ‍ॅक्टखाली नियम मोडून केलेल्या एका फोनमागे ५०० ते १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येते, आणि ती मागितली जाते फोन करणाऱ्याकडून किंवा ज्याच्यासाठी फोन केला त्याच्याकडून. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात तर संमती मिळाली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती वापरणाऱ्यावरच टाकली आहे. भारतात २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती मुक्तपणे दिलेली, विशिष्ट हेतूपुरती आणि समजून-उमजून दिलेली हवी, असंच म्हटलं आहे. घराची किंमत पाहण्यासाठी दिलेला नंबर अनोळखी एजंटांनी घर विका म्हणून मागे लागावं या हेतूने दिला होता, असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे दूरसंचार आयोगाने, डिसेंबर २०२३ मध्ये या प्रश्नाच्या मुळावर बोट ठेवणारा नियम केला होता. स्वयंचलित यंत्रणेवरून जाहिरातीचे फोन आणि मेसेज करायचे तर एका संमतीत एकाच विक्रेत्याचं नाव, ‘आमचे भागीदार’ म्हणून शेकडो कंपन्यांची यादी जोडता येणार नाही, असा तो होता. तो अमलात येण्याच्या तीन दिवस आधी, २४ जानेवारी २०२५ रोजी, तिथल्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. आयोगाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन तो केला, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. अधिकाराचा वाद त्यांनी मिटवावा. नियमाचा गाभा मला अगदी रास्त वाटतो आणि तो पाळायला आम्हा एजंटांना कुणाच्या आदेशाची गरज नाही.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक लीडबरोबर तिचा जन्मदाखला द्या. त्या माणसाने माहिती कुठल्या पानावर, कुठल्या तारखेला, किती वाजता भरली, त्या पानावर संमतीचे शब्द नेमके काय होते, आणि आतापर्यंत हे नाव किती जणांना दिलं आहे. ही माहिती तांत्रिकदृष्ट्या अवघड मुळीच नाही. फॉर्म भरला जातो तेव्हाच ती संगणकात नोंदवता येते. ज्याच्याकडे ती आहे आणि तो देत नाही, त्याला काहीतरी लपवायचं आहे. आणि ज्याच्याकडे नाहीच, त्याने ती यादी कुठून उचलली हे विचारायलाच हवं. हे विचारल्यावर प्रतिनिधी विषय बदलून ‘आज बुक केलं तर सवलत’ असं म्हणू लागला, तर नव्या एजंटांनी फोन ठेवून द्यावा.

मग ग्राहक आणायचे कुठून, असं मुलं विचारतात. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेच्या पाहण्यांमध्ये अलीकडच्या वर्षांत सातत्याने दिसतं, की घर विकणाऱ्यांपैकी साधारण दोनतृतीयांश लोक कुणीतरी सुचवलेल्या किंवा आधी व्यवहार केलेल्या एजंटकडेच जातात. माझाही अनुभव तोच आहे. व्यवहार झाल्यावर वर्षाने ग्राहकाला सहज फोन करणं, त्याच्या कागदपत्राची अडचण असेल तर कमिशनचा विषय न काढता सोडवून देणं, एखादं घर आवडलं नाही तर का नाही हे लिहून ठेवणं, यातून हळूहळू माणसं जोडली जातात. याला वेळ लागतो, हे मी त्या मुलांपासून लपवत नाही. तोवर जाहिरातीवर खर्च करायचाच असेल तर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फॉर्मवर करावा. चौकशी कमी येतील, पण समोरच्याला आपण कोण हे माहीत असेल आणि त्याचा नंबर आपल्याशिवाय कुणाकडे जाणार नाही.

वाचकांना विनंती, की घराची किंमत दाखवणाऱ्या कुठल्याही फॉर्मवर नंबर देण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा आणि आधीच केलेली बरोबरची खूण काढून टाका. एजंटचा फोन आला तर त्याला शांतपणे विचारा, “माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?” प्रामाणिक एजंट कंपनीचं नाव सांगेल. मग तक्रार त्या कंपनीकडे करा आणि माहिती पुसून टाकायला लेखी सांगा.

आणि संपादक महाशय, आपल्यालाही एक विनंती. ‘हमखास ग्राहक’ असं म्हणणारी जाहिरात स्वीकारताना हमखास म्हणजे काय, लीड मिळवल्या कशा आणि एक लीड किती जणांना विकली जाते, एवढं जाहिरातदाराला विचारून त्याचं उत्तर जाहिरातीतच छापायला सांगावं. आपल्या पुरवणीवर विश्वास ठेवून नवी मुलं पैसे भरतात, म्हणून हे आपल्याला लिहिते आहे.

आपली विश्वासू,
एक रिअल इस्टेट एजंट
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)